अंगठेबाईंचा उजवा हातमोजा

हातमोज्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं अंगठे लावले. हातमोजा एका टेबलावर बनत नाही. कोणी कापतं, कोणी चार बोटं शिवतं, कोणी मनगटाची पट्टी लावतं. अंगठा मात्र वेगळा कापून शेवटी बसवावा लागतो. चार बोटं शहाण्या मुलांसारखी ओळीत उभी असतात आणि अंगठा बाजूला तोंड करून बसलेला असतो. त्याचा टाका जरा ओढला गेला की कामगाराच्या तळव्याला फोड येतो, जरा सैल पडला की हातातलं हत्यार निसटतं. हे काम जमणाऱ्या बायका कारखान्यात दोन-तीनच होत्या. त्यातल्या एकीचं खरं नाव हळूहळू मागे पडलं आणि अंगठेबाई एवढंच उरलं. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना सही येत नसणार. मग बाई त्याला हजेरीच्या वहीतली आपली लफ्फेदार सही दाखवायच्या आणि दिवसभर त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

त्यांच्या यजमानांचंही तेच झालेलं. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणायचे. अशी ही बिननावाची जोडी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सुखाने राहत होती. बाई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत पेंटरांचा उजवा हात गेला. सकाळी दाढी करताना आरशात त्यांना आपला ओठ वाकडा दिसला आणि तासाभरात अर्धं अंग लुळं पडलं. पाय सावकाश परत आला. बोलणंही आलं. हात आला तो मूठ होऊन. मूठ मिटायची, पण उघडायची नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने समजावलं, की मेंदूकडून मिटायचा निरोप पोचतो आहे, उघडायचा वाटेतच हरवतो आहे. रोज बोटं सोडवत राहा, ती म्हणाली, नाहीतर सांधे धरतील. आजारपणाच्या दहाव्या महिन्यात तिने बजावलं, आणखी सहा महिने असेच गेले तर मूठ कायमची अशीच राहील.

रोज सकाळ-संध्याकाळ बाई कोमट पाण्यात त्यांचा हात धरून बसायच्या. आधी अंगठा सोडवायचा, मग करंगळीकडून एकेक बोट. पेंटरांना कळ यायची. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि एक अक्षर काढायचे नाहीत. बोटं सरळ व्हायची, बाईंनी हात काढला की पुन्हा मिटायची. एकतीस वर्षं अंगठ्यांशी भांडलेल्या बाईंनी या एका अंगठ्यापुढे हात टेकले होते, फक्त तसं म्हणत नव्हत्या.

त्यात एकदा शेजाऱ्यांची तीन वर्षांची नात खेळताखेळता पेंटरांच्या मांडीवर चढली आणि तिची वेणी त्यांच्या मुठीत सापडली. त्यांनी सोडायचा प्रयत्न केला तशी मूठ आणखीच आवळली. पोर रडायला लागली, तिची आई धावत आली. बाईंनी एकेक बोट सोडवून वेणी मोकळी केली. त्या दिवसापासून पेंटर उजवा हात रुमालात गुंडाळून ठेवू लागले. ती मुलगी दारात आली की वर्तमानपत्र वर धरायचे, आणि रंगाचे डबे तर त्यांनी केव्हाच माळ्यावर टाकायला लावले होते.

दवाखान्यात नंबर यायची वाट पाहताना एकदा बाईंच्या हाती एक जुनं मासिक लागलं. त्यात यानाच्या बाहेर, अंतराळात तरंगणाऱ्या माणसाचा फोटो होता. असल्या फोटोत लोक खाली निळी पृथ्वी बघतात. बाईंनी अंगठा बघितला. त्या जाडजूड पांढऱ्या हातमोज्याचा अंगठा कोणीतरी फार विचार करून लावला होता, टाका दिसतच नव्हता. म्हणजे तिकडेही एखादी बाई टेबलाशी बसली असणार, चष्मा नाकावर सरकलेला, दुपारी पाठ धरलेली. आणि तिने लावलेला अंगठा असा काळ्याभोर रिकामपणात, जिथे वर-खाली काही नाही, एका दांडीला धरून राहिला होता. बाईंना पुढे कितीतरी दिवस हेच दिसत राहिलं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना त्या मधेच थांबायच्या, आणि डाळीचा लगदा व्हायचा.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक राहायचे. चाळीस वर्षं माणसं पाचव्या मजल्यापर्यंत पोचवली, आता जरा आणखी वर न्यायची म्हणतो, असं सांगत त्यांनी आपल्या जुन्या शेडमध्ये प्लायवूडचं अंतराळयान बांधायला घेतलं होतं. ते उडणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मेकॅनिकचा नियम कडक होता: यान उडणार नाही, तरी यानात खोटं काही असणार नाही. बटण दाबलं तर काहीतरी झालंच पाहिजे. गाद्या बनवणाऱ्याने आडव्या होणाऱ्या खुर्च्या केल्या होत्या, रसायन शिकवणाऱ्या निवृत्त बाईंनी श्वासातली हवा शुद्ध करायचा डबा. दर मंगळवारी सकाळी ही मंडळी जमायची, दार लावून आत बसायची आणि हिरव्या-तांबड्या दिव्यांच्या उजेडात एकमेकांना तापमान वाचून दाखवायची. बाहेर आली की घटकाभर हळू बोलायची, लांबून आल्यासारखी. मेकॅनिकनी बाईंना हातमोजे शिवाल का, असं विचारलं तेव्हा बाई आधी नको म्हणाल्या आणि जिना चढता चढता हो म्हणाल्या.

हातमोज्याची परीक्षा घ्यायला मेकॅनिकनी एक लोखंडी पिंप तयार केलं होतं. वर जाड पारदर्शक झाकण, समोर हात घालायला दोन भोकं. हातमोजे त्या भोकांना आतून घट्ट बसवायचे. मग फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरने पिंपातली हवा ओढून घ्यायची. आत हवा विरळ, हातमोज्यात मात्र आपली नेहमीची हवा. त्यामुळे हातमोजा टम्म फुगतो, अंतराळात फुगतो तसाच. अशा हातमोज्यात हात घालून तळाला ठेवलेल्या दहा नटांतला एकेक उचलायचा आणि शेजारच्या वाटीत टाकायचा. दहाच्या दहा पडले की हातमोजा पास.

बाईंनी पहिला उजवा हातमोजा केला. मोठ्या मापाचा, कोणालाही बसेल असा. आत रबराचा थर, वर तंबूचं न ताणणारं कापड, आणि अंगठा असा देखणा की गादीवाल्याने तो उलटसुलट करून पाहिला. कॉम्प्रेसर सुरू झाला, दाबमापकाचा काटा सरकला आणि हातमोजा फुगून ताठ उभा राहिला, पाची बोटं फाकलेली. बाईंनी आत हात घातलेला होता. बोटं मिटायला जावं तर हातमोजा ती पुन्हा उघडायचा. जोर लावून त्यांनी दोन नट उचलले. तिसऱ्याला कोपरापर्यंत कळ गेली. मेकॅनिकनी करून पाहिलं, त्यांचे तीन झाले आणि पुढे दोन दिवस त्यांना दाराची कडी सरकवता आली नाही. त्यांनी वहीत लिहिलं: उजवा, नापास.

नापास हा शब्द बाईंना फार लागला. कारखान्यात त्यांचा एकही नग कधी परत आला नव्हता. घरी येऊन त्यांनी भांडी अशी घासली की पेंटरांनी विचारलं, कोणाचा राग काढते आहेस. बाई म्हणाल्या, कोणाचा नाही.

उत्तर सापडलं दुपारी. जेवण झाल्यावर पेंटर खुर्चीत डुलकी काढत होते. त्यांचा डावा हात, धड असलेला, वर्तमानपत्रावर पडला होता. बाई समोर बसून काही न करता बघत होत्या. हात उपडा नव्हता, सरळही नव्हता. बोटं अर्धी वळलेली, अंगठा आत कललेला, मधे एखादं लहानसं पाखरू बसेल एवढी जागा. विसावलेला हात असा असतो! आणि त्या एकतीस वर्षं पत्र्याच्या चपट्या पंजाच्या मापाने शिवत आल्या होत्या. कारखान्यात तयार हातमोजा त्या पंजावर चढवून इस्त्री करायचे, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत हात म्हणजे तोच बसला होता, पाची बोटं फाकून उभा. तसं उभं राहायला जगात कोणाचाच हात तयार नसतो.

त्यांनी हलकेच पेंटरांच्या डाव्या हातावर जुना सुती मोजा चढवला आणि वरून कागदी चिकटपट्टी गुंडाळायला लागल्या. हे कवच नंतर कापून काढलं की वळणाचं बरोबर माप मिळणार होतं. तर्जनीपाशी पेंटरांना जाग आली. त्यांनी हाताकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"काय चाललंय हे?"

"माप घेतेय. हलू नका."

पेंटर हलले नाहीत. पट्टी करंगळीपर्यंत आल्यावर म्हणाले, "डावा घेतलास ते बरं केलंस. उजव्याचं कोण माप घेणार."

ते रागाने बोलले नव्हते. बाईंनी पट्टी गुंडाळायचं काम पुरं केलं. सहा महिन्यांपैकी चार होत आले होते.

डावा हातमोजा तयार झाला. पाठीकडचं कापड लांब, तळव्याकडचं आखूड, सांध्या-सांध्याशी घडी, आणि अंगठा आयुष्यात पहिल्यांदा थोडा आत वळवलेला. हवा ओढल्यावर तो फुगला तो झोपलेल्या हातासारखाच. बाईंनी दहाच्या दहा नट वाटीत टाकले. गादीवाला टाळ्या वाजवायला लागला, मेकॅनिकनी टोपी काढली. पुढच्या मंगळवारी उजवा उसवायचा आणि त्याच वळणाने पुन्हा शिवायचा, असं ठरलं. महिनाअखेर यान सगळ्यांना बघायला खुलं होणार होतं.

मंगळवारी बाईंनी पेंटरांना सोबत नेलं. यानाच्या दारावर अक्षरं काढायची आहेत, कुठे आणि केवढी ते नुसतं सांगायला चला, असं निमित्त. पेंटर जायला तयार नव्हते. बाईंनी त्यांच्या पायांत चपला सरकवल्या आणि वाद संपवला. शेडमध्ये पेंटर यानाभोवती एक फेरी मारून आले, दारावर बोट न लावता जागा सांगितली, आणि पिंपाजवळच्या स्टुलावर रुमालातला हात मांडीवर घेऊन बसले. बाकीची मंडळी अजून आली नव्हती. मेकॅनिक कोपऱ्यात वायरी सोलत होते.

बाईंनी ब्लेड काढलं. पण उसवण्याआधी त्यांना एकदा नीट बघायचं होतं, हा हातमोजा हाताला नेमका कुठे कुठे अडवतो ते. म्हणजे नव्यात घड्या कुठे घ्यायच्या ते कळलं असतं. त्यांनी मेकॅनिकना कॉम्प्रेसर लावायला सांगितला आणि उजव्या भोकात हात घातला. हातमोजा फुगत गेला. त्यांनी जोर लावला नाही, हात नुसता सोडून दिला. आणि हातमोज्याने सावकाश, सगळ्या बाजूंनी सारखी, त्यांची बोटं उघडली. ओढाताण नाही, कळ नाही. अंगठा सगळ्यात शेवटी बाजूला झाला. तो त्यांनीच इतका रुंद लावलेला होता.

बाई तशाच थांबल्या. मग त्यांनी शेजारच्या रुमालाकडे पाहिलं. मिटता येतं, उघडता येत नाही. त्यांना भीती वाटली, कारण आता आशा करावी लागणार होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "उजवा हात द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

पेंटरांनी मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिकनी कॉम्प्रेसर बंद केला आणि एकदम पाठ करून, सोललेलीच वायर पुन्हा सोलायला घेतली. हवा आत आल्यावर हातमोजा मऊ पडला, तो भोकातून बाहेर ओढून घेता येत होता. बाईंनी रुमाल सोडून पिंपावर ठेवला. रोजच्यासारखा आधी अंगठा, मग करंगळीकडून एकेक बोट, आणि सुटलेलं प्रत्येक बोट लगेच आपल्या घरात. अर्धा तास गेला. पेंटर भिंतीकडे बघत होते. पाची बोटं आत गेली, मूठ आतल्या आत पुन्हा मिटायला लागली, तेव्हा बाईंनी हात भोकातून पिंपात सरकवला आणि त्यांचं कोपर आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवलं, कारण हवा ओढली की हातही आत ओढला जातो. मग त्या म्हणाल्या, "लावा. हळू."

काटा सरकायला लागला. झाकणाखाली सुरकुतलेलं कापड आधी पाठीवर भरलं, मग बोटांत. मिटलेली मूठ थोडी सैल झाली. मधलं बोट उचललं गेलं, मागून तर्जनी. सगळं इतकं सावकाश चाललं होतं की बाईंना नंतर ते झोपेत पाहिल्यासारखं आठवायचं. अंगठा अडला. मग तोही बाजूला झाला, आणि पिंपाच्या त्या राखाडी पोकळीत पेंटरांचा उजवा हात उघडा उभा राहिला.

"दुखतंय?"

पेंटरांनी मान हलवून नाही म्हटलं. ते भिंतीकडे बघत नव्हते. त्या हाताकडे टक लावून बघत होते, खूप वर्षांनी कोणी दारात येऊन उभं राहावं तसे.

"मिटून बघा. मग जोर काढून घ्या. बाकी काही करू नका."

त्यांनी मूठ मिटली. तेवढं तर येतच होतं. मग जोर काढून घेतला. बोटं उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. तिसऱ्या वेळी ते आपण होऊन नटाकडे वळले. नट सापडायला वेळ लागला, बोटं आंधळ्यासारखी चाचपडत होती. सापडला. वाटीवर नेला. पेंटर थांबले, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, जणू कोणी पलीकडून हाक मारेल म्हणून कान देऊन बसले आहेत. नट वाटीत पडला. लोखंडातून आवाज पुसटसा आला, पण शेडमधल्या तिघांनीही ऐकला.

मेकॅनिकनी नाक शिंकरलं आणि धूळ फार झाली आहे म्हणाले.

बाईंनी मेकॅनिकना पेंटरांचं कोपर धरायला सांगितलं, पेंटरांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढलं आणि दुसऱ्या भोकातल्या डाव्या हातमोज्यात आपला हात घातला. आपण हे का करतो आहोत ते त्यांना सांगता आलं नसतं. झाकणाखाली आता दोन जाडजूड पांढरे हात होते, हवा नसलेल्या जागेत, समोरासमोर. बाईंनी आपलं एक बोट पुढे केलं.

पेंटर ते धरेनात.

"धरा," बाई म्हणाल्या.

"सुटलं नाही तर?"

"नाही सुटलं तर मी आहे इथेच."

त्यांनी धरलं. दोन कापडं आणि दोन रबरं मधे असूनही बाईंना ती पकड ओळखू आली. वेणी आवळली होती तीच, घट्ट, न ऐकणारी. एक क्षण ती आणखी आवळली. बाई हलल्या नाहीत, त्यांनी बोट ओढून घेतलं नाही. मग पकड सैल झाली. एकेक बोट मागे झालं, अंगठा शेवटी, आणि त्यांचं बोट मोकळं झालं. चौदा महिन्यांत पेंटरांनी पहिल्यांदा काहीतरी स्वतः सोडलं होतं. बाई रडल्या. नेहमी भिंतीकडे तोंड करणारे पेंटर या वेळी तोंड न फिरवता बघत राहिले.

"परत," पेंटर म्हणाले.

त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. किती वेळा ते कोणी मोजलं नाही. मंगळवारची मंडळी दारात जमून उभी होती.

कॉम्प्रेसर थांबला. हवा आत आली, हातमोजा पडला आणि त्याच्या आतली मूठ पुन्हा मिटली. मूठ बाहेरच्या हवेतही कधी सुटेल का, हे त्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीलाही सांगता आलं नसतं. अजून दोन महिने होते. बाईंनी हात बाहेर काढला, पुसला, चोळला. शेवटी मेकॅनिकनी विचारलं, की उजवा आज उसवायचा का पुढच्या मंगळवारी. महिनाअखेर जवळ आली आहे, दोन्ही हातमोजे पास व्हायला हवेत.

बाईंच्या आधी पेंटर बोलले.

"तो उसवायचा नाही."

"अहो, पण चुकलाय तो," बाई म्हणाल्या.

"असू दे चुकलेला. मला लागतोय."

आजारपणानंतर त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू होती. मेकॅनिक वही उघडून उभे राहिले. खोटं काही लिहायचं नाही हा नियम त्यांचाच होता, म्हणून त्यांनी 'उजवा, नापास' तसंच ठेवलं आणि पुढे लिहिलं: उसवू नये. बाईंनी ब्लेड कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं. दोघं घरी निघाले तेव्हा पेंटरांचा उजवा हात उघड्यावर होता. रुमाल पिंपावरच राहिला होता.